रेघ वाढू द्या

चालत्या लॅपटॉपच्या बायोसला हात लावू नये, हे मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय. आधी वाळूजच्या एका कारखान्यात साहेबलोकांना सांगायचो, आता फोनवर गिऱ्हाइकांना सांगतो. पण पडद्याच्या कोपऱ्यात काही लुकलुकलं की लोकांना बोट आवरत नाही. "अपडेट आलंय, करू का सर?" असं आधी विचारणारे त्यातल्या त्यात शहाणे. बाकीचे करून मोकळे होतात आणि मग "सर, काहीच दिसत नाहीये" म्हणून माझ्या गळ्यात पडतात. मी त्यांच्यावर ओरडतो. ओरडण्याचा मला पगार मिळत नाही, ते मी हौसेनं करतो.

बटण दाबल्यावर यंत्रात सगळ्यात आधी जागं होतं ते बायोस. माणसाला डोळे उघडल्याबरोबर आपण कोण, कुठं झोपलोय, हातपाय जागेवर आहेत ना, एवढं कळतं की नाही? तेवढंच त्याचं काम. विंडोज वगैरे सगळं नंतर. हे बायोस बदलत असताना मध्येच वीज गेली किंवा कुणी बटण दाबलं, तर यंत्राला आपण कोण हेच आठवत नाही आणि ते पुन्हा उठत नाही. म्हणून खरीच नड असेल तरच ते बदलायचं. आणि ज्या दिवशी त्या यंत्रावाचून अडणार असेल, त्या दिवशी तर चुकूनही नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि आहे.

माझं नाव सुदर्शन. वय सत्तावन्न. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, तिथं एकटा राहतो. बायको, प्रेरणा, पुण्यात आहे. सायलीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, कॉलेजसाठी म्हणून गेली, त्याला सहा वर्षं झाली. सायलीचं कॉलेज संपलं, नोकरी लागली, लग्नसुद्धा झालं. प्रेरणा परत आली नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती दुपारी 'जेवलात का' असा मेसेज पाठवते, मी 'हो' लिहितो. कधीकधी जेवलेलो नसतो.

कारखान्यातला आमचा विभाग बंद झाल्यावर बन्सीनं मला काम दिलं. बन्सीचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. विकलेल्या मालाबरोबर तो माझा नंबर लिहिलेलं कार्ड देतो. दिवसाला पाच-सहा फोन येतात, सगळे तक्रारीचे. माणसाचं काम संपलं की माणूस 'थँक्यू सर' म्हणतो आणि फोन ठेवतो. त्यात त्याची काही चूक नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आक्काबाईंचा फोन आला.

"दुरुस्तीवाले सर हायेत का? माझा लॅपटॉप उठंना झालाय."

लासूर स्टेशनवरून बोलत होत्या. वय त्रेसष्ट. पूर्वी मेंढरं होती, नवरा गेल्यावर ती विकली आणि मोंढ्याच्या बाजारात कांदा निवडायच्या कामाला लागल्या. मुलगी अक्षदा नर्स, आठ महिन्यांपूर्वी जर्मनीला गेली. आईच्या डोळ्यांना मोबाइलवर नीट दिसत नाही, म्हणून जाताना तिनं मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घेऊन दिला आणि घरात वायफाय बसवून दिलं. दर रविवारी चारला, ड्युटीवर जायच्या आधी, ती पडद्यावर येते. अर्धा तास. बाकीचे दिवस आक्काबाई रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून तिचे फोटो बघतात. बोलायला त्यांच्याकडं बटणांचा साधा मोबाइल. ही सगळी माहिती मी विचारली नव्हती. पहिल्या तीन मिनिटांत त्यांनी आपणहून सांगितली.

लॅपटॉप उठत होता, फक्त पडदा काळा राहत होता. झाकण मिटून पुन्हा उघडलं की असं व्हायचं. मी सांगितलं, वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबून धरा, चाळीस मोजा, सोडा, मग पुन्हा दाबा.

"चाळीस म्हंजी दोन विसा ना?"

"हो. दोन विसा."

"मला विसानंच येतंय मोजाया. चार विसा मेंढरं व्हती आमची. सांजच्याला मीच मोजून वाड्यात घ्यायची."

त्यांनी मोबाइल बाजेवर ठेवला आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. एकोणीसवर थांबून "एक ईस" म्हणायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू. मी इकडं खुर्चीत बसून ऐकत होतो. दुसऱ्या माणसाच्या तोंडचे आकडे ऐकताना मला इतकं शांत का वाटावं, कळेना. खरं तर त्या बटणाला दहा पुरतात. चाळीस मी का म्हणालो होतो तेही मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पुढं मात्र सांगता आलं असतं.

"उठला, सर! दिसायली माझी अक्षदा!"

मग रोजचंच झालं. संध्याकाळी साडेसहाला फोन. "सर, काळाच हाय." "बटण दाबा आक्का." दोन विसा. मग पडदा उजळेपर्यंत गप्पा. आज मेथी केली होती, शेजारची शेळी व्याली, मोंढ्यात कांद्याच्या धुळीनं डोळे चुरचुरतात. आणि शेवटी न चुकता, "तुम्ही जेवले का, सर?" त्यांना मी खरं उत्तर द्यायचो. नाही म्हणालो की त्या रागवायच्या, आणि मला ते आवडायचं. दोन-चार आठवड्यांत तर बटणाचं सगळं त्यांना पाठ झालं होतं. तरी फोन यायचा. मी कधी "आता तुम्हाला येतं की" असं म्हणालो नाही.

बाई लॅपटॉप 'बंद' केला असं कधीच म्हणत नसत. 'वाढवला' म्हणत. "झालं बगून, आता वाढवते." मी पहिल्यांदा हसलो होतो.

"आक्का, दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात. लॅपटॉप कसा वाढवणार?"

"मंग बंद म्हनू व्हय? लेकीचं तोंड दिसतं त्यात."

तेव्हापासून मीसुद्धा त्यांच्याशी बोलताना 'वाढवा' म्हणायला लागलो.

दिवाळी झाल्यावर एक दिवस रिकामा होतो, म्हणून त्यांच्या लॅपटॉपचं मॉडेल कंपनीच्या साइटवर काढलं. बायोसची नवी आवृत्ती आलेली होती. तिच्यात काय सुधारलंय त्याच्या यादीत तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं: झाकण उघडल्यावर पडदा काळा राहण्याची अडचण दूर केली आहे. म्हणजे हीच ती खरी नड, जिच्यासाठी बायोस बदलायचं असतं. वीस मिनिटांचं काम.

मी ते पान वाचलं आणि मिटलं.

त्या संध्याकाळी मी आक्काबाईंना सांगितलं की एक अपडेट आहे, त्यानं हे कायमचं बरं होईल, पण जोखमीचं काम आहे, लाईट जायला नको. यात खोटं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "करू मंग सवडीनं." मग लाईटचं निमित्त पंधरा दिवस पुरलं. त्यानंतर मी एकदा विषय काढला तर त्याच म्हणाल्या, "उद्या अमावस्या हाय, सर. नवं काय करू नये." मी आयुष्यभर असल्या गोष्टींची टिंगल केलीय. पण त्या दिवशी म्हणालो, "बरोबर आहे आक्का, अमावस्येला नको." पुढच्या महिन्यात तर मीच दिनदर्शिका काढून अमावस्या शोधली. संक्रांत झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी कर आहे, नवं काही करायचा दिवस नाही, अशी त्यांना आठवण करून देणारा मीच होतो. झाकण न मिटता रीतसर बंद केला तर पडदा काळा होणार नाही, हेही मी त्यांना एकदाच पुटपुटत सांगितलं होतं आणि त्यांना ते कळलं नाही तेव्हा पुन्हा सांगितलं नव्हतं.

लॅपटॉप बरा झाला की साडेसहाचा फोन बंद होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विचारपूस करणारा दुसरा फोन मला येत नव्हता.

पण रोज बटण दाबून यंत्राचा गळा आवळला की आतल्या फायलींची नासाडी होते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी चारला पाच मिनिटं असताना त्यांचा फोन आला. दोन विसा झाल्या, पडदा उजळला, पण त्यावर इंग्रजी अक्षरं आणि फिरत राहणारं चक्र. यंत्र स्वतःची तपासणी करत बसलं होतं. ती चाळीस मिनिटं चालली. मी सगळा वेळ फोनवर होतो. आक्काबाई एरवीसारख्या बोलत नव्हत्या. फक्त मधूनमधून विचारायच्या, "किती वाजले, सर?" पावणेपाचला पडदा आला तेव्हा अक्षदा ड्युटीवर गेलेली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं.

मी सोमवारी अपडेट करायचं ठरवलं. सोमवारी साडेसहाला फोन आला, त्यांनी शेंगदाण्याची चटणी कशी करतात ते सांगितलं, आणि मी म्हटलं उद्या करू. मंगळवारी, बुधवारीही तसंच. असं करत शनिवार गेला. रविवारी सकाळी जाग आली आणि आज पुन्हा चार वाजता ते चक्र फिरणार, हे इतकं स्पष्ट दिसलं की मी चहासुद्धा न करता फोन उचलला. ज्या दिवशी यंत्राची गरज आहे त्या दिवशी हात लावू नये, असं बावीस वर्षं सांगणारा माणूस मी.

मी आपणहून त्यांना फोन करण्याची ती पहिली वेळ.

"काय झालं, सर? बरं हाय ना तुम्हाला?" त्या घाबरूनच बोलल्या.

"बरंय. आज ते अपडेट करून टाकू. लाईट आहे ना? चार्जर लावा."

दुरून जोडणी व्हावी म्हणून त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले, मी इथून त्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरलो, फाइल उतरवली, सुरू केली. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि माझ्याकडचं चित्र गेलं. इथून पुढं बायोसचा कारभार, तिथं माझा हात पोचत नाही. आता फक्त फोन.

"काय दिसतंय, आक्का?"

"काळं हाय. मधी एक पांढरी रेघ. भरायलीय हळूहळू."

"ती पूर्ण भरली की झालं. तोवर कशालाच हात लावायचा नाही. झाकणाला नाही, बटणाला नाही, वायरीला नाही."

"नाय लावत."

मी खिडकीत उभा होतो. खाली स्टेशनात एक मालगाडी येऊन थांबलेली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"सर, थांबली रेघ."

"थांबते कधीकधी."

"लई येळ झाला. पंखा लई जोरात वराडायलाय आतला. पेटंल का वं?"

रेघ अशी थांबतेच. मग एकदम पुढं जाते. मला हे ठाऊक होतं. मी म्हणालो, "काही पेटत नाही. वाढू द्या. रेघ वाढू द्या."

नेमका तेव्हा मालगाडीनं भोंगा दिला. लांबलचक.

"काय म्हनले? वाढवून देऊ?"

मला अर्धवट ऐकू आलं. मी भोंग्यावर ओरडलो, "हो, हो! वाढू द्या!"

"बरं."

मोबाइल बाजेवर ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांचा तो ओळखीचा, सावकाश आवाज. एक. दोन. तीन.

मला उमगायला तीन आकडे लागले: पडदा काळा असताना वाढवायचं म्हणजे त्यांच्या लेखी बटण दाबून दोन विसा. मग मी जे ओरडलो ते खालच्या रस्त्यावर माणसं वर बघायला लागली असं ओरडलो. सोडा, आक्का, सोडा, बटण सोडा. पण त्या मोठ्यानं मोजत होत्या आणि माझा आवाज त्या बाजेवरच्या इवल्याशा मोबाइलमध्ये असून नसल्यासारखाच. सात. आठ. दहाच्या आतच ते मेलं असणार. मी ओरडणं थांबवलं. दोन विसा सांगितल्या होत्या, म्हणून त्यांनी दोन विसा मोजल्या. मी फोन कानाला लावून चाळीसपर्यंतचे सगळे आकडे ऐकले.

"झालं, सर. वाढवला."

नंतर बटण दाबून काही झालं नाही. पडदा नाही, पंखा नाही. बाजूचा बारका दिवा तेवढा दोनदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा दोनदा. म्हणजे बायोस गेलं.

"माझ्या हातून काय झालं का, सर?" त्यांनी विचारलं.

"मी येतो," मी म्हणालो.

मेलेल्या बायोसला जिवंत करायची एक वाट असते. दुसऱ्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर ती फाइल विशिष्ट पद्धतीनं घ्यायची, ती लावून दोन ठरावीक बटणं दाबून धरायची, की काही यंत्रं त्यातून स्वतःला पुन्हा उभं करतात. काही करत नाहीत. मी फाइल घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुपारच्या पॅसेंजरनं निघालो. शहराचं मोठं स्टेशन गेलं, दौलताबाद, पोटूळ. खिशातला पेन ड्राइव्ह मी पुन्हा पुन्हा चाचपत होतो. आणि तरी त्या धास्तीत कुठंतरी मला बरं वाटत होतं, कारण कितीतरी वर्षांनी मी कुणाकडं तरी निघालो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतं तसं लिहितोय.

मोंढ्यामागच्या गल्लीत कांद्याची सालपटं उडत होती. आक्काबाई दारातच उभ्या होत्या. आवाजावरून मी त्यांना उंच समजत होतो. त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. त्यांनी पायावर घ्यायला पाणी दिलं.

"आदी भाकर खावा, सर. सकाळपासून काय खाल्लं नसंल तुम्ही."

"आधी लॅपटॉप."

तो बाजेवर होता, वर टॉवेल पांघरलेला. मी तो जमिनीवर घेतला, चार्जर लावला, पेन ड्राइव्ह लावला, बटणं दाबून धरली. दिवा लुकलुकला. पंखा फिरला, थांबला. पडदा काळाच. अडीच वाजून गेले होते. मी परत केलं. तिसऱ्या वेळी पंखा फिरतच राहिला आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर पांढरी रेघ आली.

"आता?" आक्काबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"आता फक्त बघत राहायचं."

त्या माझ्याशेजारी चटईवर बसल्या, हात मांडीखाली दाबून. रेघ मुंगीच्या पावलानं चालली होती.

"मीच मारलं बगा माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं समजून सांगितलं व्हतं, हात लावू नका म्हनून. माझ्यासारख्या अडानी बाईपायी तुमचा रविवार गेला. उपाशी पळत यावं लागलं तुम्हाला."

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. रेघ भरली असती, मी भाकरी खाल्ली असती, चार वाजता त्यांनी मला लेकीला दाखवलं असतं. पण त्या मांडीखाली हात दाबून बसल्या होत्या, पुन्हा चुकून कशाला लागू नयेत म्हणून, आणि ते मला बघवेना.

"आक्का, तुमची काही चूक नाही. मी 'वाढू द्या' म्हणालो. वाढवणं म्हणजे तुमच्या तोंडी काय, मला चांगलं माहीत होतं."

"व्हय, पर चुकतंय की मानसाचं."

"तेवढंच नाही. हे जे आज करतोय ते मला दिवाळी झाल्या झाल्या करता आलं असतं. पडदा काळा का होतो ते मला तेव्हाच कळलं होतं."

त्या रेघेकडंच बघत होत्या.

"मंग ती अमावस्या?"

"मी अमावस्या मानत नाही."

"आन् कर?"

"तीही नाही."

त्यांनी मांडीखालचे हात काढून घेतले.

"कामून?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्त झालं असतं तर तुम्ही फोन केला नसता. मला दिवसभरात दुसरं कुणी..."

"दोन रविवार दिसली नाय मला ती."

"हो."

"त्यातल्या एका रविवारी तिला ताप व्हता. खोलीत एकलीच पडून व्हती. मागनं लॅपटॉपात आवाज धाडला तिनं, तवा कळलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेच चक्र फिरत व्हतं तवा. आन् तुम्ही व्हते की फोनवर."

मी मान हलवली.

"दोन विसा मोजायचं, ते खरं व्हतं का?"

"दहा पुरतात."

आक्काबाई उठल्या. आत गेल्या, भांड्यांचा आवाज आला. मी रेघेपाशी एकटाच बसून राहिलो. सव्वातीनच्या सुमारास ती भरली. यंत्र बंद झालं, चालू झालं, आणि पडद्यावर बर्फातल्या पुलावर लाल टोपी घालून उभी राहिलेली एक मुलगी आली. मी हाक मारली. आक्काबाई पदराला हात पुसत आल्या, झाकण मिटलं, उघडलं. पडदा लगेच उजळला. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. चार-पाच वेळा त्यांनी तेच केलं.

"उठतंय," त्या म्हणाल्या. मला उद्देशून नव्हे.

मग त्यांनी मला जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. या चटणीची सगळी कृती मला त्यांच्याच तोंडून माहीत होती. दुसरी भाकरी न विचारता ताटात पडली, पाणी भरून समोर आलं. पाहुण्याला जेवू घालायचं ते त्यांनी सगळं नीट केलं. फक्त एकदाही 'सर' म्हणाल्या नाहीत. मी दोनदा काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी "जेवा" म्हटलं.

चारला पाच मिनिटं असताना त्यांनी तोंड धुतलं, कुंकवाच्या जागच्या गोंदणावरून पदर फिरवला, डोक्यावर पदर घेतला आणि लॅपटॉपसमोर बसल्या. मी समोरच्या भिंतीशी सरकलो, कॅमेऱ्यात येणार नाही असा. गाडीला अजून तासभर होता. जा असं कुणी म्हटलं नव्हतं, थांबा असंही नाही.

घंटा वाजली. अक्षदा आली.

"आई! अगं दिसलीस! आई, तू वाळलीस का गं? रडू नको ना. मी बरी आहे, बघ, पूर्ण बरी आहे."

आक्काबाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पडद्यावरच्या कपाळाला त्यांनी हाताचा मागचा भाग लावून पाहिला. दोघी हसल्या, दोघी रडल्या, ताप किती होता ते झालं, औषध काय घेतलं ते झालं. मला अचानक खोकला आला. दाबला, तरी आला.

"कोण आहे गं तिथं?" अक्षदानं विचारलं.

"लॅपटॉपच्या दुरुस्तीला आलेत."

"तुझे ते सर आलेत?" ती खुर्चीतून पुढंच सरकली. "दाखव ना! दर रविवारी निम्मा वेळ त्यांचंच सांगतेस, सर जेवले नाहीत, सरांना घरी कुणी नाही वाटतं. मला बोलायचंय त्यांच्याशी. तू तिथं एकटी असतेस, पण सरांचा फोन असतो म्हणून मी इथं निर्धास्त असते. बोलव ना त्यांना."

मी नकळत उठून उभा राहिलो होतो. शर्टाची कॉलर नीट करत होतो.

आक्काबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नाय गं," त्या म्हणाल्या. "ते सर येगळे. हे दुसरेच कुणी हायेत."

"अस्सं होय," अक्षदा म्हणाली आणि तिच्या खिडकीबाहेरचा बर्फ आईला दाखवायला लागली. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि तिला दिसणार नाही अशा बेतानं भिंतीच्या कडेकडेनं दाराकडं निघालो.